परत येणारी बॅग

त्या पत्राला रुक्मिणीने उत्तर दिलं नव्हतं. हातांना पट्ट्या गुंडाळायला बसली की ते हटकून आठवायचं. गावाहून आलेलं, चंद्रप्रकाशांच्या तिरक्या अक्षरातलं. 'माझं चुकलं. पोटात घाल.' एवढं तिला पाठ होतं. पुढे आणखी एक वाक्य होतं. ते ती मनातसुद्धा म्हणत नसे. उत्तर लिहिल्याशिवाय जिवाला स्वस्थता नव्हती, आणि लिहायला हात उठत नव्हता.

"काकी, झाली का पट्टी?" श्वेताने हाक मारली. "या, तुमची बॅग वाट बघतेय."

मुलुंड पूर्वेला, पत्र्याच्या शेडमध्ये श्वेता किकबॉक्सिंग शिकवायची. दुपारची बॅच फक्त बायकांची. नवी पंचिंग बॅग रिकामीच मिळते. ती भरायला तिने दारावर कागद चिकटवला होता, जुने कपडे हवेत म्हणून. तो वाचून रुक्मिणी दोन मोठ्या पिशव्या घेऊन आली होती. इस्त्रीचे शर्ट, पँट्स, तपकिरी सफारी, एक लोकरी स्वेटर. सगळे पुरुषाचे.

"काकांचे?" श्वेताने हळूच विचारलं होतं.

रुक्मिणीने मान हलवली. श्वेताने तिच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. श्वेता कपडे दाबून दाबून बॅगेत भरत असताना रुक्मिणी तिथेच उभी राहिली. मग श्वेताच म्हणाली, "येता का काकी बॅचला? मन रमेल."

साठी उलटलेली, उभा जन्म शाळेच्या ऑफिसात कागद लावण्यात गेलेला, मोठ्याने बोलायचीही सवय नाही. तरी ती येऊ लागली.

पण बॅगला तिचा हात लागत नव्हता. म्हणजे लागायचा, पण दारावर टकटक करावी तसा. सफारी बॅगेत कंबरेच्या उंचीला आहे, शर्ट वर, छातीपाशी, हे तिने भरताना पाहिलं होतं. मूठ तिथवर जायची आणि आपोआप सैल पडायची.

"अगो रुक्मिणी, पिशवीक कुरवाळतंस काय?" कुंदा शेजारच्या बॅगेवरून ओरडली. कुंदा भांडुपहून यायची, वजन उतरवायला. "माका बघ! मी मारतंय एक, ती मारता दोन."

सगळ्या हसल्या. रुक्मिणीही हसली.

"हसू नका हं," श्वेता म्हणाली. "काकींचं गार्ड बघा. हनुवटी आत, कोपरं बरगड्यांना, दोन्ही हात तोंडावर. पहिल्या दिवसापासून एक नंबर. कुठे शिकलात हो काकी?"

"घरीच," रुक्मिणी म्हणाली.

"यूट्यूबवर?" कुंदाने विचारलं. रुक्मिणी पट्टी नीट करत राहिली.

त्या दिवशी किक घ्यायची होती. रुक्मिणीने पाय उचलला, बॅगला कशीबशी टेकवला. बॅग जराशी मागे गेली आणि परत आली. तशी ती डोळे मिटून, खांदे गोळा करून दोन पावलं मागे सरली.

श्वेताने बॅग धरली. मुलगी बेधडक बोलणारी, पण आता तिचा आवाज खाली आला. "काकी, एक विचारू? राग नाही ना येणार? आत काकांचे कपडे आहेत, म्हणून मारवत नाहीये ना? चूक माझीच. मला आधी कळायला हवं होतं. त्या कोपऱ्यातली घ्या तुम्ही, तिच्यात नुसत्या चिंध्या आहेत."

"नको गं. हीच राहू दे."

"नक्की?"

"हीच."

"बरं. मग ऐका. बॅग परत येते तेव्हा तुम्ही डोळे मिटून मागे जाता. मागे गेलात की ती अंगावर येणारच. ती येत असतानाच मारायचं. उभ्या पायाची टाच फिरवा, कंबर पूर्ण वळू दे. पावलाने नाही, नडगीने. आणि श्वास आत कोंडू नका, सोडा. तोंडाने आवाज निघाला तर निघू दे."

तिने बॅग ढकलून दिली.

बॅग आली. रुक्मिणीने या वेळी डोळे उघडे ठेवले. टाच फिरली, कंबर वळली, नडगी सफारीच्या उंचीवर बसली. घशातून कसलासा आवाज निघाला, तो आपला आहे हे तिला उशिरा कळलं. बॅग मधोमध वाकली, वरची साखळी खणखणली. शेडमधल्या सगळ्या थांबून बघू लागल्या.

रुक्मिणी मॅटवर मटकन बसली आणि रडू लागली.

कुंदा धावत आली, ग्लोव्ह घातलेल्या हातानेच पाठ थोपटू लागली. "रडान घे गो बाय. घोवाची आठवण अशीच येता."

"काकांना लागलं नसेल हो," श्वेता डोळे पुसत म्हणाली. "उलट खूश झाले असतील."

"मी हे फार आधी शिकायला हवं होतं," रुक्मिणी म्हणाली. "पस्तीस वर्षं गेली गं. सगळी फुकट गेली."

"असं नका म्हणू काकी. संसार केलात ना."

रुक्मिणीने नाक पुसलं, पट्ट्या सोडल्या आणि निघाली. घरी गेली नाही. वाटेत पोस्ट होतं, तिथे तिने आंतरदेशीय पत्र घेतलं आणि दोरीला बांधलेल्या पेनाने पत्ता लिहिला: श्री. चंद्रप्रकाश सावंत, मु. पो. देवरुख. अक्षर सरळ येत होतं. त्यांचं ते उरलेलं वाक्य आज तिने पहिल्यांदा मनात पुरतं म्हटलं: 'उत्तर आलं नाही, तर नेहमीसारखा तुझा होकार समजेन आणि गणपती झाले की घरी येईन.' मग तिने लिहिलं, 'येऊ नका. तुमचा हात उठला, तर आता माझाही उठेल,' आणि पत्र पेटीत टाकलं.