साडेसातचं चित्र

ओनोरीन नदीकाठच्या कुरणात पोचली तेव्हा देल्मासच्या ईझलवर दुसरंच चित्र होतं.

"बाजूला व्हा, बाई. मधे येताय," तो मान न वळवता म्हणाला.

ती बाजूला झाली. हातातल्या टोपलीत डझनभर अंडी होती आणि सफरचंदाच्या दारूची एक बाटली. मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये. गावात या चित्रकाराला धुकेवाला म्हणत. ऊन पडलं की सगळ्यांना बरं वाटतं, हा तेवढा शिव्या घालतो, अशी खानावळीत त्याची थट्टा चाले.

"साहेब, मी झेलीची आई."

"कोण?"

"सप्टेंबरभर तुमच्यापुढं उभी राहायची ना, ती. रोज सकाळी. तिथं, पाण्याच्या कडेला."

आता त्यानं वळून पाहिलं. तिच्या तोंडाकडं नाही, खांद्यावरच्या निळ्या शालीकडं. "अच्छा, निळी! अहो, मधेच गायब झाली ती. माझं चित्र अडवून ठेवलंय तिनं. कुठंय? पाठवा तिला."

"ती गेली, साहेब. गारठा छातीत बसला. मातीला पंधरा दिवस झाले."

देल्मासनं टोपी काढली. माणूस काही वाईट नव्हता. "अरेरे," म्हणाला, आणि खरंच हळहळला. मग उजेड निसटतोय हे ध्यानात आलं तशी टोपी परत डोक्यावर ठेवून त्यानं ब्रश उचलला.

"मला एकदा तिचं तोंड बघायचंय," ओनोरीन म्हणाली. "संत मिशेलच्या जत्रेत फोटोवाला आला होता. पोरगी मागं लागली, आई, एक काढू दे. मीच नको म्हटलं. म्हटलं, एवढा मोठा साहेब तुला रोज रंगात काढतोय आणि तुला तो काळा कागद कशाला हवा? आता घरात तिचं काहीच नाही, साहेब. डोळे मिटले की दिसते अजून. पण कालपासून नाक नीट आठवत नाही."

"दाखवतो की. साडेसातला."

"आत्ता नाही?"

"ते साडेसातचं चित्र आहे, बाई."

त्याच्या हातगाडीवर खाचांची पेटी होती आणि त्यात सात-आठ चित्रं उभी लावलेली. प्रत्येकाला अर्धा तास नेमून दिलेला. उजेड बदलला की हातातलं आत जाई, पुढचं बाहेर येई. सध्या सातचं चाललं होतं. अवेळी दुसरं बघितलं की डोळा बिघडतो, असं त्याचं म्हणणं.

ओनोरीन थांबली. लाकडी बुटांत पाणी शिरलं, तरी थांबली. झेलीच्या बाळंतपणात ती दीड दिवस अडली होती. हा अर्धा तास तिला त्याहून लांब वाटला.

अखेर त्यानं घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं आणि पेटीतून एक चित्र काढून ईझलवर ठेवलं. ओनोरीननं एप्रनला हात पुसले, जणू हात लावायचाच होता. पॉप्लरची रांग होती. पाणी होतं. लालसर सूर्य होता. धुकं तर असं, की बघूनच अंगावर काटा यावा. ती झेलीला शोधू लागली. आधी मधे, मग डावीकडं, मग परत मधे.

"कुठंय?"

देल्मासनं ब्रशच्या दांड्यानं दाखवलं. पाण्याच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा निळा फराटा होता. त्याच्या बाजूला गुलाबी ठिपका.

"हे तोंड का?"

"छे. तो तिच्या टोपलीवरचा उजेड."

"मग तोंड?"

"एवढ्या लांबून, या धुक्यात तोंड दिसत नाही, बाई. मी दिसतं तेवढंच काढतो. मनाचं काही घालत नाही."

"महिनाभर उभी होती, साहेब. एकदाही दिसलं नाही?"

त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"जरा जवळ गेला असता तर..."

"जवळ गेल्यावर धुकं कसं दिसणार?"

ओनोरीनला त्याचा संताप आला. ती बाटली त्याच्या टाळक्यात घालावी असं तिला वाटलं. पण तो तिच्याकडं बघतच नव्हता. डोळे बारीक करून एकदा चित्राकडं बघे, एकदा शालीकडं.

"अर्धवट राहिलीय ती, हे मात्र खरं," तो म्हणाला. "निळा बघा कसा मेलाय. पण त्यानंतर आज पहिल्यांदा तसंच धुकं पडलंय, आणि तिची शाल तुमच्या अंगावर आहे. पंधरा मिनिटं तिथं उभ्या राहा. आज झेली पुरी करून टाकतो."

तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. ओनोरीननं टोपली खाली ठेवली.

ती पाण्याकडं गेली. गवत गुडघ्यापर्यंत भिजवत होतं. जागा शोधावी लागली नाही. कडेला एका ठिकाणी गवत झडून चिखल उघडा पडला होता आणि त्यात लाकडी बुटांचे दोन खड्डे होते, तिच्या पावलांहून लहान. तिनं आपली पावलं त्यांत कशीबशी बसवली. शाल डोक्यावरून घेतली, झेली घ्यायची तशी. मागं वळून पाहिलं तर धुक्यात ना माणूस दिसत होता, ना ईझल.

"साहेब," तिनं हाक मारली, "तोंड कुठं करू?"

"कुठंही करा," धुक्यातून उत्तर आलं. "तोंडाचं काम नाही."