काचेमागची जांभळी खूण

"एको, तू माझ्या टीव्हीची काच बदललीस!" टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात पाय टाकताच ओसोफो क्वान्सा गरजले. मागून त्यांची बायको, ओसोफो मामे, टॅक्सीवाल्याला टीव्ही सांभाळून ठेवायला लावत होती.

ओसोफो म्हणजे पास्टर. लोटोच्या लॉटरीचे आकडे म्हणजे सैतानाचा पाढा, हे त्यांनी टाकोराडी शहरातल्या त्या वस्तीला अनेकदा बजावलेलं. आणि काल प्रार्थनेच्या वेळी भजनाचे शब्द दाखवायला प्लाझ्मा सुरू केला, पडदा पांढरा झाला, तर त्यावर लोटोच्या आकड्यांच्या तक्त्याची सावली. अख्ख्या मंडळीनं डोळे भरून पाहिली.

"ही आराबाच्या बारमधली काच आहे," ओसोफो म्हणाले. "तिथंच चालतं असलं. कबूल कर, मी माफ करतो. नाही तर येत्या रविवारी वेदीवरून तुझं नाव घेईन. मग बस माश्या मारत."

एकोनं टीव्हीकडे पाहिलं. प्लाझ्माची ही खोड त्याला पाठ होती. एकच चित्र महिनोन्‌महिने लावून ठेवलं, की त्याची सावली काचेत मुरते, काही केल्या जात नाही. आणि ओसोफोंच्या काचेला तर त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पण तोही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. दुरुस्तीला आला तेव्हा ओसोफोंच्या टीव्हीची नुसती एक वायर सुटली होती. तिकडे आराबाच्या टीव्हीचा पॉवरचा बोर्ड जळला होता आणि बारमध्ये दाखवायचा फुटबॉलचा सामना दुसऱ्याच दिवशी होता. एकोनं ओसोफोंचा धडधाकट बोर्ड काढून आराबाला बसवला आणि तिचा जळका बोर्ड ठिगळं लावून ओसोफोंना. देवाघरचा टीव्ही आठवड्यातून एकदाच लागतो, बारचा रोज. देव समजून घेईल, असा त्याचा हिशोब.

पण टाकोराडीत मेकॅनिकवर कुणी विश्वास टाकत नाही. टीव्ही देण्याआधी लोक घरीच मागचं झाकण काढतात आणि आतल्या प्रत्येक भागावर नेलपॉलिशचा ठिपका देतात. ओसोफो मामेचा ठिपका जांभळा होता. बहिणीनं शेजारदेशातल्या आबिजानहून पाठवलेली बाटली. जळक्या बोर्डवर लावायला तसा रंग एकोला सारा बाजार पालथा घातला तरी मिळाला नाही.

"भांडता कशाला?" ओसोफो मामे म्हणाली. "झाकण उघडू. माझी खूण असेल तर असेल."

"कशाला!" दोघं पुरुष एकदमच बोलले.

एकोनं ओसोफोंकडे पाहिलं. ओसोफोंनी नजर पंख्याकडे वळवली. रोज संध्याकाळी ते टीव्ही असलेल्या प्रार्थनाघरात दार लावून 'प्रवचनाची तयारी' करतात, हे वस्तीत सगळ्यांनाच माहीत होतं. एकोला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथं तर मुठी दोन होत्या.

"चुकलो, ओसोफो," त्यानं मान खाली घातली. "काच मीच बदलली. दोन दिवसांत तुमची तुम्हाला परत लावून देतो."

"देव दयाळू आहे, बाळा," ओसोफोंचा आवाज लोण्यासारखा झाला. "झालं गेलं विसरून जाऊ. चला, मामे."

मामे कुठे जाते? एकोचाच स्क्रूड्रायव्हर उचलून ती केव्हाच खाली बसली होती. भराभर स्क्रू निघाले. झाकण बाजूला झालं. तिनं आत डोकं घातलं.

मग तिनं डोकं बाहेर काढलं आणि शांतपणे हात पुसले.

"काच आमचीच आहे, एको. बोर्ड मात्र आमचा नाही, त्यावर आराबाचा लाल ठिपका आहे. जा, आराबाकडून घेऊन ये. घाई करू नकोस. तोवर ओसोफो मला सांगतील, इतक्या तयारीत आकडा एकदा तरी लागला का ते."