डाव्या अंगाचा पाटा

नागेशनं ट्रॉलीच्या डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना काळा रंग अगदी मन लावून दिला होता. एवढं मन लावून त्यानं आजवर दुसरं काही केलं असेल असं वाटत नाही. गुटख्याचा तोबरा गालात, हातात ब्रश, आणि हा पठ्ठ्या मान तिरकी करून आपलंच काम बघत उभा.

वर ट्रॉलीत बाया चढून बसल्या होत्या. कापूस वेचायला जाणाऱ्या बावीस बायांपैकी वीस आल्या होत्या, दोघी गल्लीच्या तोंडाशी दिसत होत्या. घरोघर फिरून त्यांना गोळा करायचं काम सुकेशनीचं. त्यांना शेतावर नेऊन सोडायचं काम तिच्या नवऱ्याचं, म्हणजे या नागेशचं.

सुकेशनी डबा घेऊन आली. "टाकला का नवा पाटा?"

"टाकल्यासारखाच हाय," नागेश म्हणाला.

तिनं डबा खाली ठेवला. जॅकशेजारी हातोडी पडली होती, ती उचलली आणि चाकापाशी उकिडवी बसली. तिचे वडील पूर्णा जंक्शनला मालगाडीचे डबे तपासायचे. हातोडीनं एकेक पाटा ठोकत पुढं जायचे आणि नुसत्या आवाजावरून कुठला फुटलाय ते सांगायचे. भाकरी घेऊन गेलेली पोर मागंमागं ऐकत चालायची.

आधी तिनं उजवीकडं ठोकलं. ठण्ण.

मग डावीकडं. थप्प.

पुन्हा ठोकलं. थप्प. चिरलेल्या मडक्यासारखा आवाज. वरच्या बाया काठावरून खाली वाकल्या. रेल्वेचं कुणाला काय कळतं, पण मडकं वाजवल्याशिवाय घरी आणलेली बाई त्या ट्रॉलीत एक नव्हती.

सुकेशनीनं नखानं ओला रंग खरवडला. खाली वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे. मधोमध तुटलेला मुख्य पाटा याच माणसानं घरच्या मशीनवर जोडला होता आणि त्यावर रंग फासला होता.

"पाट्याला वेल्डिंग मारलं तुमी?"

"मग? लय मजबूत बसलंय. हलवून बग."

"जोड न्हाई तुटत. जोडाच्या शेजारी तुटतं. पोलाद भाजलं की पापडावानी हुतं, हजार येळा सांगितलं. कालव्याच्या उतारावर ट्रॉली डावीकडंच कलती ना?"

"खामखा टेन्शन नको घेऊ." नागेशनं बाजूला पिंक टाकली. ती चाकावर उडाली, आणि थोडी त्या नव्या रंगावर. "आगं, बायाच तं हायेत. ऊस हाय का? ऊस भरायचा असता तं नवाच टाकला असता की."

हे तो हसत म्हणाला. त्याला त्यात वावगं काही वाटलंच नाही, आणि सुकेशनीला शिसारी आली ती त्याचीच. गेल्या हंगामात उजवा पाटा तुटला तेव्हा हाच माणूस जेवता जेवता उठून नवा आणायला परभणीला पळाला होता. ऊस वाळला असता ना!

सुकेशनी उठली. बोटाला लागलेला काळा रंग तिनं पदराला पुसला नाही. ट्रॅक्टरच्या सीटवर नागेशनं कालच नवं कव्हर घातलं होतं, त्याला पुसला.

"चावी आना," ती म्हणाली. "ट्रॅक्टर मी चालवते. पेरणीला चालवतेच की. तुमी मागं बसा. या डाव्या अंगाला, पाट्याच्या बरोबर वर."

नागेश पुन्हा हसला. वरून कुणी हसलं नाही.

"बसा की. बायाच तं हायेत मागं."

ट्रॉलीत डाव्या बाजूला गीताबाई बसली होती. नागेशची चुलत आत्या, सगळ्यांत म्हातारी. तिनं आपलं बोचकं मांडीवर घेतलं आणि सरकून जागा केली. "ये रं. इथं बस माझ्यापशी."

आता एवढ्या जणींसमोर नाही कसं म्हणणार? नागेशनं ट्रॉलीच्या कडेच्या फाळक्याला हात घातला. एक पाय उचलून ट्रॉलीच्या काठावर ठेवला. ट्रॉली जराशी दबली आणि खालून बारीक कर्र आवाज आला. त्यानं पाय काढून घेतला.

"मला पाठीचं दुखनं हाय," तो म्हणाला. "मागं लय गचके बसतेत."

कुणी त्याला शिवी दिली नाही. एक बाई उठली, चपला हातात घेऊन खाली उतरली. मग दुसरी. मग शेजारच्या दोघी. डबे खाली आले, पाण्याच्या बाटल्या आल्या, कापसाच्या ओट्या बांधायची फडकी आली. नागेश "आगं पन... आगं आत्या, सांग की यांना" असं काहीबाही बोलत राहिला. मागून आलेल्या दोघी तर चढल्याच नाहीत. सुकेशनीनं आपला डबा उचलला. शेत दोन कोस होतं, पोचेपर्यंत ऊन चांगलं तापणार होतं, आणि वेचणी त्या मानानं कमीच भरणार होती. तरी ती पुढं निघाली आणि बाया मागोमाग निघाल्या.

गीताबाई शेवटी उतरली. नागेशनं तिला हात दिला. तिनं त्या हाताकडं पाहिलं, आणि फाळका धरून, आधी बूड टेकवून, मग एकेक पाय सोडत, आपली आपण खाली आली. लुगडं झटकलं. बोचकं डोक्यावर घेतलं.

"पाठीला जप बाबा," ती म्हणाली. "तिला वेल्डिंग बसत न्हाई."