मेंदूतलं तांबं

लेकीच्या पत्राला बाबांनी उत्तरच दिलं नव्हतं. मेंदूचे स्कॅन वाचणाऱ्या लेकीनं विचारलं होतं, “माझं काम कसं वाटतं?” उभं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं, तरी मत द्यायला ते कचरत. आज तिनं एका शिंपिणीची लघवी बाबांच्याच प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. हात थरथरून सुईत दोरा जाईना, तर घरचे म्हणत, “नाटकं करते.” लेकीला मात्र स्कॅनवर मेंदूत डाग दिसले आणि तांबं साठल्याची शंका आली. बाबांनी तपासलं, तर लघवीत तांबं भरपूर निघालं. बाबांना खात्री वाटेना, त्यांनी लेकीला फोन लावला. “तांब्याच्या भांड्यात तर नाही ना धरली?” “बाबा! ॲसिडनं धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत. तुम्हीच नाही का शिकवलंत?” पुन्हा तपासलं, तेच निघालं. लेकीची शंका खरी ठरली; तांबं बाहेर काढणाऱ्या औषधानं शिंपीण बरी होणार होती. भरल्या उरानं त्यांनी कार्डावर लिहिलं, “पोरी, तुझी नजर पक्की. मी दोनदा तपासलंय,” आणि टपालपेटीत टाकलं.