फुंकर

आमची मुलगी किशोरी लहान असताना आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. खेळ अडकला की ती कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची आणि खेळ पुढे चालायचा. ती गेल्यावर तो गेम मी कुणाला तरी देऊन टाकला.

यंदा तिची मैत्रीण दिपिका खांदा कॉलनीत आमच्याकडे आली होती. तिने तेच खेळ माझ्या कॉम्प्युटरवर घालून दिले.

"आता कॅसेट नाही, फुंकणं नाही, काका. निवांत हरा."

दुसऱ्या दुपारी खेळ अडकला. काय करावं ते मला कळेना. तेवढ्यात मागून फुंकर ऐकू आली आणि खेळ सुरू झाला.

पंखा असेल, असं मी मानलं. माझा माझ्या कानांवर फारसा विश्वास नाही. पण पंखा बंद करूनही तेच झालं. मग खेळ अडकावा म्हणून मी मुद्दाम भराभर बटणं दाबू लागलो. बायकोला, रंभाला, काही बोललो नाही. मला ते एकट्यालाच हवं होतं.

काल फुंकर आली, पण खेळ हलला नाही. पुन्हा आली, फार बारीक. मी बटणं दाबतच राहिलो.

रंभा दारात उभी होती. ती माझ्या खुर्चीच्या मागे पाहत होती.

"बास करा हो," ती म्हणाली. "शेवटी तिला श्वास पुरत नव्हता, इसरलात तुमी? किती फुंकायला लावाल?"

मी घाईने कॉम्प्युटर बंद केला.

माझ्या मागे कुणीतरी धापा टाकत होतं.