पोट निर्दोष सुटलं

इजिप्तमधल्या आमच्या मन्सुरा शहरात दर शुक्रवारी ताईचा होणारा नवरा हाझिम जेवायला यायचा. आईने केलेली महशी, म्हणजे भात भरलेली द्राक्षपानं, समोर आली की कधी कधी तो पोट धरून वाकायचा, क्षणभर शून्यात बघत तोंडाने मचमच करायचा आणि मग आम्हालाच विचारायचा, “काय झालं?”

त्याच्या आईने गल्लीभर पसरवलं, की आमच्या घरचं अन्न पोराला बाधतं, हे लग्न नको. आमच्या आईने नजर काढली, धूप जाळला, तूपसुद्धा कमी केलं. सोयरीक मोडायलाच आली होती.

शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी डोक्याला तारा लावून सांगितलं, “ही फेफऱ्याची दुर्मीळ जात आहे. झटका मेंदूत येतो आणि दुखतं पोटात. गोळ्यांनी आटोक्यात येईल. जेवणाचा काही संबंध नाही.”

हाझिमने मान खाली घातली. “मावशी, आता तुम्ही कशाला मुलगी द्याल?”

आईने त्या दवाखान्यातच जीभ नाचवत लग्नातला आनंदाचा लांबलचक सूर काढला. “फेफरं तर फेफरं, वेड्या. डॉक्टर, ते जेवणाचं वाक्य याच्या आईला फोनवर ऐकवा ना.”

गोळ्या लागू पडल्या, लग्न पक्कं झालं. आता तिसऱ्या वाढपाला हाझिम कळवळून म्हणतो, “मावशी, बास, पोट खरंच दुखतंय.”

आई त्याच्या ताटात आणखी महशी वाढते.

“पोटात नाही रे राजा, ते तुझ्या डोक्यात आहे. खा.”