तीन वाजताचं तापमान

यंत्र कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ती माणसं. फोरमनसाहेबांनी हे सत्य बत्तीस वर्षं बॉयलरशेजारी घाम गाळून मिळवलं होतं. निवृत्तीनंतर ते वापरायला घरात एकच यंत्र उरलं होतं: टीव्हीमागचा राउटर. साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा.

दुपारचे तीन वाजले होते. आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराआड मुलगा घरून काम करतोय, असं मुलाचं म्हणणं. फोरमनसाहेबांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते फक्त बायकोला ठाऊक होतं: पोराची नोकरी गेली आहे आणि तो तोंड लपवून बसलाय. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातली निम्मी माणसं काढली, हे त्यानेच जेवताना सांगितलं होतं. आपण उरलेल्या निम्म्यांत आहोत, असंही म्हणाला होता. पण ताटाकडे बघत.

फोरमनसाहेबांनी आधी राउटरचं बटण बंद केलं. चालू यंत्रात सळई घालायची नाही, हा नियम त्यांनी जन्मात मोडला नव्हता. मग निरोपसमारंभात मिळालेला थर्मामीटर काढला, त्याची बारीक सळई जाळीतून आत सारली आणि घड्याळ लावून तीन मिनिटं थांबले. वरून हात लावून ताप बघणं त्यांना मंजूर नव्हतं. वरून काय, सगळेच थंड दिसतात.

"झाली का नाडी बघून?" कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोने विचारलं.

"अडतीस."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे आत काही चालत नाही. दिवसभर राबणारं यंत्र असं गारठलेलं असतं होय? अकराला अडतीस, एकला अडतीस, आता अडतीस. आज सहावा दिवस."

"मग सरळ विचारा ना त्याला."

"विचारलं की म्हणणार, खूप काम आहे बाबा. आणि हे ऐक."

दोघांनी कान दिले. दाराआडून मुलाचा पडेल आवाज येत होता. "सॉरी सर. हो सर, आजपण. सॉरी, सॉरी."

"बघ," फोरमनसाहेब कुजबुजले. "नोकरी असलेला माणूस एवढ्या वेळा सॉरी म्हणतो?"

"तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, एवढं खरं." बायकोने हातातला शर्ट तिसऱ्यांदा घडी केला. "पण खरंच गेली असली, तर मेलं आपल्यापासून कशाला लपवायचं?"

फोरमनसाहेबांनी सळई पुसली, बटण दाबलं. राउटरचे दिवे एकेक करून लुकलुकू लागले. आज विचारायचंच, त्यांनी ठरवलं. आवाज न चढवता. जुन्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरकडे त्यांनी पोरासाठी शब्दही टाकून ठेवला होता.

तेवढ्यात दार उघडलं. मुलगा बाहेर आला. हेडफोन गळ्यात, चेहरा उतरलेला.

"बाबा, आत्ता परत नेट गेलं होतं?"

"नेट?"

"सहा दिवस झाले. अकरा, एक आणि तीन. बरोब्बर माझ्या मीटिंगच्या वेळी. नेटवाले म्हणतात, आमच्याकडून सगळं ठीक आहे. मी फोनवरून जोडून घेईपर्यंत अर्धी मीटिंग संपलेली असते. साहेबांना वाटतं, मीच बंद करून झोपा काढतो."

बायकोने फोरमनसाहेबांकडे पाहिलं. फोरमनसाहेबांनी राउटरकडे पाहिलं, जणू आता त्यानेच काय ते बोलावं.

"म्हणजे नोकरी आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आहे की. नसायला काय झालं? फक्त आजपासून घरून काम बंद. सोमवारी ऑफिसात हजर व्हा म्हणाले, रोज."

ऑफिसला जायला दोन बस बदलाव्या लागतात. एका बाजूचे पावणेदोन तास.